पाहिले, दप्तरी दाखल

मळमड्डीतल्या आमच्या गृहसंस्थेला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. ते टाकीत घेणारा व्हॉल्व्ह उघडण्याचं काम २००६ साली लिनक्सवर चालणाऱ्या नव्या कॉम्प्युटरकडे सोपवण्यात आलं. अध्यक्ष नारायणराव हे निवृत्त शिरस्तेदार, आणि संस्थेतल्या माणसांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

सॉफ्टवेअरचं पॅकेज बांधलं संस्थेतल्याच शेषगिरीनं. तपासणीला लावताच पडद्यावर सूचना आली.

"साहेब, व्हॉल्व्ह हलवणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामाचा तयार तुकडा, बत्तीस बिटांच्या जुन्या यंत्रासाठी बांधलेली हाय. आपलं यंत्र चौसष्टचं. चालायचं नाही की हो."

"चौसष्टात बत्तीस दोनदा मावतात," नारायणराव म्हणाले.

"तसं नसतंय. नवी बांधून घेतो, आठ दिवस द्या."

"उद्घाटन परवा आहे. पत्रिकेत 'निर्दोष प्रणाली' छापलंय."

शेषगिरी भाबडा. सूचना गप्प करायचीही सोय असते, हे त्यानं सांगून टाकलं. एका फाइलीत सूचनेचं नाव आणि ती सोडून देण्याचं कारण लिहायचं, मग तपासणी कुरकुर करत नाही. नारायणरावांचे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी त्यांना शेरा मारायला जागा मिळाली होती. त्यांनी सांगितलं, शेषगिरीनं टाइप केलं: 'पाहिले. दप्तरी दाखल.' सूचना शून्य झाल्या. त्या फाइलीची छापील प्रत सह्यांसाठी बेचाळीस घरं फिरली.

मग हीच पद्धत सगळीकडे लागू झाली. टाकीला तडा: पाहिले, दप्तरी दाखल. जिन्यात उघडी वायर: पाहिले, दप्तरी दाखल. त्या वायरीचा झटका बसला म्हणून यशवंत तक्रार घेऊन आला, तेव्हा पूर्वीच्या शेऱ्याचा अवमान केल्याबद्दल त्याच्याकडूनच खुलासा मागवण्यात आला. व्हॉल्व्ह हातानं फिरवायचं चाकही आता निष्प्रयोजन ठरलं आणि भंगारात गेलं.

मथुराअक्काच्या मुलीचं लग्न गुरुवारी अंगणातच होतं, तीनशे पानं उठायची होती. पाण्याची पाळी बुधवारची.

"अण्णा, टाकी भरंल न्हवं?" तिनं नारायणरावांना विचारलं.

"एकही सूचना नाही. काळजी बिडरी, सोडून द्या, अक्का."

बुधवारी सकाळी सहाला पाणी आलं. कॉम्प्युटरनं लायब्ररीला हाक मारली. ती त्या यंत्राची नव्हतीच, व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. दोन तास दाराशी थांबून पाणी पुढच्या गल्लीत निघून गेलं. मथुराअक्का कोरड्या टाकीशी कळशी घेऊन बसून राहिली. मला फार वाईट वाटलं, रागही आला. आम्ही सगळे नारायणरावांच्या दारात जमलो.

"सूचना आली होती तर आम्हाला सांगितलं का नाही?" मीच ओरडलो.

त्यांनी शांतपणे फाइल पुढं केली. पहिल्या ओळीत पूर्ण सूचना होती, तिच्याखाली शेरा, आणि त्याखाली बेचाळीस सह्या. मथुराअक्काची सातवी. माझी आठवी.

न वाचता सही कशी केलीत, असं मला विचारू नका. तुमच्या कॉम्प्युटरवर मागच्या खेपेला सूचना आली, तेव्हा तुम्ही 'ठीक आहे' दाबलंत. तिच्यात काय लिहिलं होतं, तेवढं आधी सांगा.