काटेवाले अण्णा

आमच्या शेजारचा अण्णा दूध उतू जाताना नुसता बघत बसतो. गॅस बंद करत नाही. मी स्वतः पाहिलंय. साय फुगली, पातेल्याच्या कडेपर्यंत आली, मी दारातून ओरडलो, "अण्णा, दूध!" तर हा शेगडीकडं तोंड करून पाटावर मांडी घालून बसलेला. म्हणतो, "दिसतंय आबा. येतंय."

दूध आलं, गेलं, शेगडी विझली, घरभर करपट वास सुटला. मग अण्णा सावकाश उठला, गॅसचं बटण फिरवलं, फडकं घेतलं. पुसता पुसता म्हणाला, "आधी मी लई ओरडायचो. दूध तवा बी जायचं. आता नुसतं दूध जातं, ओरडनं वाचतं."

मी चौथी पास, तीही मास्तर मला कंटाळले म्हणून. पण चाळीस वर्षं मी विहिरींची दगडी बांधकामं केलीत. भिंत सरळ आहे की कलली, ते ओळंबा न लावता नुसत्या नजरेनं सांगायचो, आणि कोल्हारपासून बेलापुरापर्यंत कुणी मला खोटा पाडला नाही. असल्या माणसानं दूध उतू घालवणाऱ्याकडून अक्कल शिकायची, हे मला पटत नव्हतं. पुढं काय झालं ते सांगतोच.

अण्णा श्रीगोंद्याकडं एका साखर कारखान्यात काट्यावर होता. उसानं भरलेली बैलगाडी काट्यावर चढवायची आणि वजन घ्यायचं, एवढंच काम जन्मभर. त्याचे दोन नियम होते. एक, गाडीवानानं खाली उतरायचं, मगच वजन. दोन, काटा थरथरतोय तोवर आकडा बोलायचा नाही. गाडीवान शिव्या घालायचे, मागं रांग लागायची, पण अण्णा काट्याकडं बघत उभा. रिटायर होऊन गावी आला. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. एकुलती एक लेक बेंगलोरला. तिनंच फोनवरून नाव घातलं आणि अण्णाला नगरला ध्यानाच्या शिबिराला पाठवलं. दहा दिवस कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, असा तिथला नियम. अण्णानं तो पाळला. अकराव्या दिवशी एसटीतून उतरला तो आजपर्यंत गप्प बसलेला नाही.

सगळं शास्त्र त्यानं काट्यावर आणून ठेवलंय. "आबा, इचार म्हंजे उसाची गाडी. ती येनारच. तुमी काय करता, गाडीवर बसून वजन करता. मग भरनारच की जास्त! खाली उतरा आधी. मग बघा गाडी किती हलकी हाय."

हे मला मनातून आवडलं होतं. त्याला सांगितलं नाही.

ध्यानाला बसायला त्याला ठरावीक जागा लागत नाही. एकदा स्टँडवर श्रीरामपूरच्या गाडीची वाट बघता बघता बसला. तीन गाड्या गेल्या. संध्याकाळी घरी परत आला, तेव्हा मी विचारलं, "गाडी मिळाली न्हाई व्हय?" तर म्हणाला, "आल्या, थांबल्या, गेल्या." आणि एकदा प्रवरेच्या घाटावर पहाटे असा ताठ बसला, की परगावच्या एका बाईनं त्याला कुणी महाराज समजून पुढ्यात नारळ फोडला. अण्णानं डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाला, "अर्धा परत न्या, बाई."

आमचे रज्जाकभाई टेलर एकदा त्याला म्हणाले, "अण्णा, आमच्यात बी लोकं डोळे मिटून बसतात. पन दुसऱ्या दिवशी गावभर सांगत फिरत न्हाई." अण्णा त्यांच्यावर रागावला नाही. राग आला, राहिला, गेला, असं त्यांनाच समजावून सांगत अर्धा तास उभा राहिला. तेवढ्यात रज्जाकभाईंनी एक पायजमा उलटा शिवला.

माझी सून सुनंदा मायाळू आहे. ती त्याला म्हणायची, "अण्णा, एकटे कशाला करून खाता? आमच्यात जेवायला या." तर अण्णा हात जोडायचा. "नको पोरी. जेवताना कुनी बोललं की घासावर ध्यान राहत न्हाई. मला आता मानूस लागत न्हाई. श्वास हाय ना सोबतीला." आम्हाला ते खरं वाटायचं. मी तर म्हणायचो, या माणसानं बायकोशिवाय जगायची युक्ती शोधली.

आता माझं सांगतो. माझा उजवा डोळा तरुणपणीच दगडाची कपची उडून गेला. उरला डावा. त्यात मोतीबिंदू पिकला. समोरचं माणूस आहे की लिंबाचं खोड, कळेना. नात गौरी मला चिडवायला गप्प उभी राहायची आणि मी तिला खुर्ची समजून टोपी अडकवायला जायचो. ऑपरेशन केलं नाही तर आंधळा होणार हे ठरलेलं. दोनदा दवाखान्यात गेलो आणि दोन्ही वेळा रक्ताचा दाब वर चढला म्हणून परत पाठवलं. घरी गोळ्या घेऊन दाब व्यवस्थित असायचा. ऑपरेशनचं टेबल दिसलं की दोनशेला भिडायचा. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, घाबरू नका." मी म्हणालो, "मी पन्नास फूट खोल विहिरीत दोरावर लोंबकळून काम केलंय. मी घाबरत नाही. दाब घाबरत असंल." पण एकच डोळा आहे आणि त्यात सुरी जाणार, हे मला रात्रंदिवस आठवत होतं. ते मी कुणाला बोललो नाही.

सुनंदानं हे अण्णाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अण्णा आमच्या ओट्यावर हजर, बगलेत सतरंजी.

"आबा, पंधरा दिवसांत तुमचा दाब जाग्यावर आनतो."

"मला नको शिकवू."

"डोळा पायजे का ताठा पायजे?"

असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. मी बसलो.

पहिल्याच दिवशी घोटाळा. तो म्हणाला, "काय करायचं न्हाई. डोळे मिटा आन् श्वासावर ध्यान धरा." मी आयुष्यभर दगड धरले, दोर धरला, थापी धरली. धरायचं म्हटल्यावर मी घट्टच धरणार. मी श्वास धरला. कानात घूं घूं वाजायला लागलं. शेवटी गौरी आत पळत गेली, "आई, आबा फुगले!" सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. अण्णानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ध्यान धरा म्हनलं, आबा! श्वास सोडा की!"

"मग धर कशाला म्हनला?"

"शिबिरात तसंच म्हंत्यात!"

पंधरा दिवस तो रोज आला. मला काही ध्यान लागलं नाही. डोळे मिटले की सुरी दिसायची. पण समोर अण्णा बसलाय, त्याचा श्वास ऐकू येतोय, एवढं बरं वाटायचं.

तिसऱ्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा मुलाला सुट्टी नव्हती. अण्णाच सोबत आला. सिस्टर दाबाचं मशीन घेऊन आली. तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, तशी माझी छाती धडधडायला लागली. मला कळलं, आज परत घरी. कायमचं घरी.

तेवढ्यात अण्णा म्हणाला, "थांबा, बाई. काटा शून्यावर हाय का आधी?"

"काय?"

"रिकाम्या काट्याचं वजन घेतलं का? आधी काटा रिकामा बघायचा, मग गाडी चढवायची."

"आजोबा, हे इलेक्ट्रॉनिक आहे. काटा नसतो याला."

"काटा न्हाई? मग ठरवतं कोन?" अण्णा उठून मशीनपाशी गेला. "आन् गाडीवान अजून गाडीवरच बसलाय. आबा, खाली उतरा!"

मी खरंच खाट सोडून खाली उतरलो. ऐन वेळी माणूस काय काय ऐकतो! पट्ट्याची नळी ताणली, मशीन ट्रॉलीवरून घसरलं, ते अण्णानं दोन्ही हातांनी झेललं आणि छातीशी धरून उभा राहिला. सिस्टर ओरडली, "अहो, मन खाली उतरवायचं की माणूस?" बाईला ध्यान ठाऊक होतं म्हणायचं! अण्णा इतका गोरामोरा झाला, की मला हसू फुटलं. पोट धरून हसलो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कशासाठी ते न कळता हसायला लागली. सिस्टरनं मला बसवलं, हसू ओसरेपर्यंत थांबली आणि बटण दाबलं.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. "घ्या यांना आत."

ऑपरेशन झालं. पाऊण तासात बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मला आधी दिसल्या भिंतीवरच्या फरशा. तिसरी ओळ वाकडी बसवलेली. मी ते डॉक्टरांना सांगितलं. माझ्या छातीवरचा दगड खाली उतरला. आता मरेपर्यंत मी लोकांच्या चुका काढू शकणार होतो.

अण्णानं गावभर सांगितलं की ध्यानानं झालं. सांगू दिलं.

ऑपरेशननंतरही अण्णा रोज येतच राहिला. आठवड्यानं मी ठरवलं, आता अण्णाला मोकळं करावं. काम झालं, उगाच सकाळी सकाळी सतरंजी कशाला! तो आला, समोर बसला, मीही बसलो. वाटलं, एवढं झालं की सांगू. डोळे मिटायचा मला कंटाळा आला होता. नवी नजर मिळालेली, ती मिटून काय करू? काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि अण्णाकडं बघत बसलो.

तर अण्णाचे डोळे मिटलेले नव्हते.

जराशी फट होती. मोतीबिंदूत ती मला कधी दिसली नव्हती. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून आमच्या उघड्या दारातून आत बघत होता. आत नेहमीची सकाळ चाललेली. मुलगा गाडीची किल्ली शोधतोय, सुनंदा गौरीच्या वेण्या घालतेय, गौरी रडवेली होऊन म्हणतेय, "आई, माझी रिबीन कुठाय?" सुनंदा उशीखाली बघते, खाटेखाली बघते. अण्णा पाठ ताठ, हात गुडघ्यावर, आणि जिवाची नुसती तगमग. ओठ हलत होते. मी कान दिला.

"खिळ्याला हाय," तो पुटपुटत होता. "दारामागं खिळ्याला... खिळ्याला बघ की, पोरी..."

सुनंदाला रिबीन सापडली. दारामागंच, खिळ्याला. अण्णानं मोठा श्वास सोडला.

म्हणजे एवढे दिवस रोज सकाळी हा माणूस आमचं घर बघायला येत होता.

मी चष्मा खाली ओढला. थोड्या वेळानं अण्णानं डोळे उघडले, सतरंजी गुंडाळायला घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता तुमचं काम झालं, आबा. उद्यापासून यायचं कारन न्हाई."

मी जन्मात कधी कुणाला म्हटलं नव्हतं की मला एखादी गोष्ट जमत नाही. तेही बोललो.

"अण्णा, मला अजून काय जमत न्हाई बघ. डोकं जड हाय माजं. तुला रोज यावं लागंल."

"किती दिवस?"

"ते काय सांगता येत न्हाई. लई दिवस लागतील." मीच पुढं म्हणालो, "आन् उद्या जरा लवकर ये. पोरीची शाळा आता साडेसातला हाय."

अण्णा सतरंजी गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "व्हय. पावनेसातला येतो."

आणि सतरंजी आमच्याच ओट्यावर ठेवून घरी गेला.