अर्ज क्रमांक : अंकी आणि अक्षरी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या अर्जावर पूर्वापार दोन चौकटी होत्या. एक 'अर्ज क्रमांक, अंकी' आणि दुसरी 'अर्ज क्रमांक, अक्षरी'. पहिलीत ४१२ लिहायचे, दुसरीत चारशे बारा. याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. पुढे कार्यालयात नवे यंत्र आले आणि ते आकड्यांऐवजी तीन इंग्रजी अक्षरे देऊ लागले. यंत्र बदलले, अर्जांचे गठ्ठे मात्र आधीच छापून पडले होते, म्हणून अर्ज बदलला नाही. पाणी मुरले ते इथेच.

पहिल्याच सकाळी टेबल क्रमांक चारचे कारकून साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, अंकीच्या चौकटीत अक्षरं लिहिली. आता अक्षरीच्या चौकटीत काय लिहू?"

साहेबांनी चष्मा पुसला. विचार करायचा असला की ते चष्मा पुसत, त्यामुळे चष्मा बहुधा धुळकटच असे.

"आकड्यांचं अक्षरी म्हणजे शब्द. मग अक्षरांचं अक्षरीसुद्धा शब्दच. ती तिन्ही अक्षरं ज्यात येतात असा एक शब्द लिहा. अक्षरं इंग्रजी, तेव्हा शब्द इंग्रजी. आणि एकच शब्द दोघांना द्यायचा नाही हं, फायलींचा घोळ होईल."

तसे परिपत्रक निघाले. शब्द शोधण्याची जबाबदारी अर्थातच अर्जदाराची. ए, आर, टी मिळालेल्या गृहस्थाने 'वॉटर' लिहून दिले आणि दुपारी त्याच्या घरी नळ वाहू लागला. पाणीखात्यातला 'वॉटर' हा शब्द असा पहिल्याच दिवशी संपला. 'पाइप', 'टॅप', 'लीक' आठवड्याभरात आटले. लोकांच्या सोयीसाठी व्हरांड्यात साखळीने बांधलेला शब्दकोश ठेवला गेला. त्यातली 'एस'ची पाने कोणीतरी घरी नेली.

शिलाईवाली राहते तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातला व्हॉल्व्ह तुटल्यापासून तिच्या नळाला थेंब नव्हता, आणि घरात कंबरेचे हाड मोडलेली आई अंथरुणाला खिळलेली. आईला पुसून घ्यायचे, चादरी धुवायच्या, तर खालून बादल्या आणायच्या. बासष्ट पायऱ्या. एका वेळी दोन बादल्या, दिवसाला आठ खेपा. तिला यंत्राने अक्षरे दिली 'जे', 'क्यू' आणि 'एक्स'.

"दुसरी द्या ना," ती म्हणाली.

"मावशी, यंत्र आहे ते," कारकून म्हणाले. "भाजीवाला नाही."

"मग मी सरळ 'पाणी' लिहिते."

"त्यात 'जे' कुठाय?"

खात्याचा फिटर बाकावर बसला होता. पाना त्याच्या हातातच होता. "दोन मिनिटांचं काम आहे ताई," तो कळवळून म्हणाला. तो खरोखरच चांगला माणूस होता. "पण चौकट रिकामी असताना हात लावला तर माझी नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या भावाला घेऊन आली. भाऊ इंग्रजीचा निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर त्याला कोणी काही विचारले नव्हते. त्याने अक्षरे पाहिली आणि बाह्या सरसावल्या.

"जिंक्स!"

"क्यू नाही," कारकून म्हणाले.

"जॉन्क्विल! फुलाचं नाव आहे."

"एक्स?"

"एक्सचेकर!"

"'जे' गेला, मास्तर."

रांग पुढे सरकली, म्हणजे आपापले अर्ज विसरून टेबलाभोवती गोळा झाली. साहेब केबिनमधून बाहेर आले. फिटर पान्याच्या टोकाने फरशीवरच्या धुळीत अक्षरे जुळवू लागला. इतक्या वर्षांत त्या कार्यालयात इतके मन लावून काम झालेले कोणी पाहिले नव्हते.

"दादा, आईची चादर सकाळपासून ओली आहे," शिलाईवाली म्हणाली.

"थांब गं! अगदी तोंडावर आलंय!"

तिला रडू आले. ते कोणाला दिसले नाही, सगळे खाली अक्षरांकडे बघत होते.

आठवड्याने 'शब्दशोध समिती' स्थापन झाली. मास्तर अध्यक्ष, फिटर तांत्रिक सदस्य. समितीला डोके थंड ठेवता यावे म्हणून खोलीत गार पाण्याचे यंत्र बसवले गेले. शिलाईवालीने तिथे भीतभीत बाटली पुढे केली.

"आईपुरतं भरून घेऊ?"

मास्तरांनी कारकुनांकडे पाहिले. कारकुनांनी परिपत्रकाकडे पाहिले.

"अर्ज करावा लागेल, मावशी."

मास्तर पुन्हा कागदाकडे वळले. ते 'क्यू'नंतर 'यू' लागतोच का, या मुद्द्यावर अडले होते. शिलाईवालीने रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि ती घरी गेली. खाली नळावर तिच्या दोन बादल्या रांगेत लावलेल्या होत्या.

समितीचे काम अजून चालू आहे. आणि वाचकहो, तुम्ही हसताय खरे, पण ती तीन अक्षरे कानावर पडल्यापासून तुम्हीही मनातल्या मनात शब्द जुळवताय. खोटे कशाला बोलता! पायऱ्या किती होत्या, ते विचारले तर वर जाऊन बघावे लागेल.

शब्द सापडलाच तर टेबल क्रमांक चारवर द्या. नाही सापडला, तर एक बादली तिसऱ्या मजल्यावर पोचवा. दोन्हींपैकी तुम्ही काय कराल, ते फिटरला ठाऊक आहे. त्याने बाकावर तुमच्यासाठी जागा धरून ठेवली आहे.