धोंडीची आठ बोटं

"हिला काय होतंय! दगड आहे दगड!"

आत्याचा हा आवाज धोंडीच्या कानात सातव्या वर्षापासून मुक्कामाला होता. झाडावरून पडून गुडघा फुटला, तेव्हा तो पहिल्यांदा आला. तापानं फणफणली, तेव्हाही आला. आणि तेराव्या वर्षी पोर न्हाणीच्या दारात उभी राहून काहीतरी सांगू बघत होती, तेव्हा जरा हळू आला, "दगडाला कधी दुखतं का गं?" पोरीनं ओठ मिटले, ते मिटलेच.

विद्यापीठाच्या वसतिगृहात आल्यावर मुलींनी तिचं नाव धोंडी ठेवलं. रस्सीखेचीच्या संघात ती सगळ्यात शेवटची, दोराचं टोक धरून टाचा रोवणारी. "धोंडी ओढत नाही, ती फक्त हलत नाही," असं कप्तान येईल त्याला सांगायची. पुढच्या सात जणी घसरोत, कोसळोत, एकमेकींच्या नावानं शंख करोत, मागे धोंडी उभी. लोंढ्यात शिळा उभी राहते तशी.

मजल्यावरच्या मुली तिच्याकडे डोंगराकडे बघावं तशा मान वर करून बघत. ती बर्फाचे खडे कडाकडा फोडून खाई. "दात बघा, दात!" वर्गातला खडू हळूच तोंडात टाकी. "हाडं उगाच नाहीत अशी!" जिना चढताना दर वळणावर थांबून खिडकीबाहेर बघत राही. त्यावर काडी म्हणे, "आतून कवी आहे गं ती." काडी म्हणजे संघातली सगळ्यात किरकोळ पोर. वारा सुटला की मैत्रिणी वाळत घातलेल्या कपड्यांच्या आधी तिला आत घ्यायच्या.

सामने दहा दिवसांवर आले आणि फळ्यावर नोटीस लागली. प्रत्येक खेळाडूचं रक्त तपासलं जाईल. हिमोग्लोबिन दहाच्या खाली आलं, तर नाव संघातून बाद आणि घरी पत्र.

संघाच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी चहा, दुपारी चहात बुडवलेलं बिस्किट, संध्याकाळी नुसतंच बिस्किट, अशा खुराकावर पोसलेलं रक्त. त्याची ग्वाही कोण देणार?

"माझं तर सरबत निघेल," काडी म्हणाली.

"पत्र गेलं ना, की बाबा सामान बांधायला येतील," दुसरी रडकुंडीला आली.

कप्तानाची नजर फिरत फिरत धोंडीच्या हातांवर येऊन टेकली. "धोंडे, अंगठे सोडून बोटं किती गं तुला?"

"आठ."

"आणि आपण किती?"

धोंडीनं आपले पंजे उलटसुलट करून बघितले. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

दवाखान्याची खिडकीही या पापाला धावून आली. दुधी काच आणि खाली अर्धगोल भोक. मुलीनं नाव सांगायचं, हात आत घालायचा. आत लॅबवाल्या काकू बोट पुसणार, सुई टोचणार, थेंब पट्टीवर घेणार. चेहरा बघायची भानगडच नाही.

कप्तानाची अंगठी घालून पहिलं बोट गेलं. दुसऱ्या मुलीचं घड्याळ बांधून दुसरं. तिसऱ्या खेपेला काडीची बांगडी चढवायला गेल्या, तर ती धोंडीच्या पंजावर अर्ध्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. तसाच हात आत गेला. नाव मात्र काडीनं आपल्या चिमणीच्या आवाजात सांगितलं.

"आवाज एवढासा आणि पंजा पहिलवानाचा?" आतून काकू.

"रोज हातानं कपडे धुते हो मी!" काडी ओरडली.

आत पंजा एकदा उलटसुलट झाला. मग सुई.

दर खेपेला धोंडी आपलं बोट बाहेर काढून बघे. एवढासा थेंब, फिकट, पहाटेच्या आभाळाच्या कडेसारखा. त्याच्यावर कुणाच्या तरी घरची झोप टांगलेली! तिला भरून आलं. आपल्यात इतकं आहे, की सात जणींना वाटूनही उरावं!

निकाल दुपारी लागला. सहा पूर्णांक आठ. सहा पूर्णांक सात. सहा पूर्णांक नऊ. आठही जणी त्याच पायरीवर.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या त्या रेक्टरबाईंच्या दारातच थांबल्या. एका मजल्यावर, एकाच वेळी, आठ मुली! पाण्याच्या टाकीला कुलूप लागलं. खानावळीच्या आचाऱ्याला कोपऱ्यात बसवून मागच्या महिन्याभराच्या आमट्या विचारल्या. आठ घरी पत्रं रवाना झाली. मुलींना पाऊल उचलायची बंदी झाली. चाकाच्या खुर्च्या तीनच, म्हणून आठ जणी पाळीपाळीनं बसू लागल्या. क्रीडाशिक्षकांनी संघ रद्द केला आणि आठशे मीटर पळणाऱ्या मुलींना दोर धरायला शिकवायला घेतलं.

कप्तानाला ते बघवेना. ती खुर्चीतून टुणकन उतरली आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. "मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय! अहो, ते आमचं रक्तच नाही! आठही थेंब धोंडीचे आहेत!"

कप्तानाचा विजयी हात वरच राहिला.

"म्हणजे... यंत्रच बिघडलंय ना?"

डॉक्टरीणबाई धोंडीजवळ गेल्या, तिच्या डोळ्याखालची कातडी बोटानं ओढली. आत कागदासारखं पांढरं.

आता दंडातून रक्त घेतलं, तोंडं बघून. काडी तेरा पूर्णांक दोन. कप्तान अकरा. दुसऱ्या दोघी नवाच्या घरात, बाकीच्या दहाच्या वर. नवाच्या घरातल्यांना गोळ्या आणि चहाआधी जेवायची ताकीद. धोंडी सहा पूर्णांक आठ.

"एवढ्यावर माणसं अंथरूण सोडत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ही दोर धरून उभी राहते? बर्फ खातेस? खडू? हे रक्त कमी असल्याचं लक्षण आहे, मुलींनो."

"आणि जिन्यात थांबते ते?" काडीनं विचारलं.

"धाप लागते तिला."

"म्हणजे... कवी नाही?" काडी रडायलाच लागली.

"पाळी किती दिवस चालते गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्यवस्थित आहे," धोंडी म्हणाली.

"व्यवस्थित हा आकडा नाही."

धोंडीचे ओठ मिटले. तेवढ्यात काचेमागून काकू हात पुसत बाहेर आल्या. "तिसऱ्या बोटालाच ओळखलं होतं मी. दोराचे घट्टे सगळ्या हातांना तेच. ओरडणार होते. मग आकडा बघितला आणि म्हटलं, दुसऱ्यांच्या नावानं ही सात वेळा हात देईल, स्वतःच्या दुखण्यासाठी एकदाही यायची नाही. म्हणून गुमान टोचत राहिले. आठ आकडे असले की यंत्रावर खापर तरी फोडता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन आत्या आली. दारातूनच आवाज. "कोण म्हणतं हिला रक्त नाही? हिला काय होतंय! दगड..."

"आत्या, दगडाला दुखतं."

इतक्या वर्षांनी धोंडीचा आवाज आत्याच्या आवाजाला आडवा आला होता. तो तिचा तिलाच नवा वाटला.

"बारा दिवस जातं मला. दर महिन्याला. एकावर एक दोन पॅड लावून मैदानात उतरते. सगळे म्हणतात, धोंडी हलत नाही. हलायची भीती वाटते गं मला. डाग पडेल म्हणून."

कप्तानानं मान खाली घातली. काडीनं धोंडीचं एक बोट धरलं, टोचलेलं.

आत्या हळूच तिच्या खाटेवर बसली. पदराच्या टोकाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बराच वेळ भाचीच्या आठ बोटांकडे ती नवलानं बघत राहिली, एकेक करून, जणू जन्मल्या दिवशी मोजायची राहून गेली होती.

"मला पंधरा दिवस जायचं," ती म्हणाली. "मलाही दगडच म्हणायचे."