जोव्हेलिनच्या खिडकीखाली सहा तारा

"मला शिकवता गाठ मारायला? मला?" एलमर दुकानात एवढ्या जोरात हसला की भिंतीवर टांगलेल्या गिटारी झणझणल्या!

फिलिपीन्समधल्या मॅक्टन बेटाच्या धक्क्यावर पंपबोटींचे, म्हणजे मोटार लावलेल्या होड्यांचे, दोर बांधण्यात त्याच्या उमेदीची वर्षं गेली होती. आपल्यासारखी गाठ अख्ख्या बेटावर कोणी मारत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे.

त्याला तारेची गाठ दाखवू पाहणारे, गिटारी बनवणारे म्हातारे सिमो, थोरांना तिथे म्हणतात तसे 'नोंग' सिमो, शांतपणे म्हणाले, "दोंग, पोरा, छोटी हवी म्हणालास ना? मग ही घे. फणसाच्या लाकडाची, आवाजाला गोड. तारा लावून बरेच दिवस झालेत, आता त्या बसल्यात. नवी नायलॉनची तार आधी ताणतच राहते. सारखी उतरते."

"छे! ती शिंपल्यांच्या नक्षीची द्या. जहाजावर माझ्या उशाशी मावेल आणि आज संध्याकाळी खिडकीखाली चमकेल. तिला तारा मीच लावतो!"

"आज संध्याकाळी?" नोंग सिमोंनी चष्मा काढला. "मग देवाच्या हवाली!"

एलमरला धीर नव्हता, कारण उद्या सकाळी तो मालवाहू जहाजावर रुजू होणार होता. परत यायला वर्ष लागलं असतं. त्याआधी लग्नाला जोव्हेलिनचा होकार हवा होता, आणि होकाराच्या वाटेत तिचे वडील बसले होते. नोंग तेरोय. त्यांनी गल्लीत जाहीरच केलं होतं, "फोनवर बदाम पाठवणारा जावई मला नको! मी हिच्या आईसाठी खिडकीखाली गायलो. ज्याला माझी मुलगी हवी, त्याच्या गिटारीवर इथे अख्खं गाणं झालं पाहिजे. अर्धवट राहिलं तर त्याने घरचा रस्ता धरावा!"

एलमरने घरी जाऊन तारा चढवल्या. घोडीपाशी, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीपाशी, प्रत्येक तारेला बोटीची गाठ मारली आणि शोभेसाठी लांब शेपट्या सोडल्या. मग सूर लावायला बसला. पहिली लागली की तिसरी उतरे, तिसरी चढवली की पहिली रुसे! जेवण तसंच राहिलं. खुंट्या पिळून बोटं सुजली. चार वेळा उठला, चार वेळा बसला आणि शेवटी तसाच निघाला.

जोव्हेलिनच्या खिडकीखाली गल्लीने प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्याच होत्या. कोपऱ्यावर डुकराचं मटण भाजत होतं. वर खिडकीत जोव्हेलिन, मागे तिची आई नांग पासिंग आणि दारात हाताची घडी घातलेले नोंग तेरोय.

एलमरने घसा साफ केला, ठेवणीतल्या शर्टाची बाही झटकली आणि झोकात हात फिरवला. बाहीचं बटण एका शेपटीत अडकलं. फट्! तार मोकळी!

"पाच आहेत अजून!" कोणीतरी धीर दिला.

दुसरी ओळ. फट्!

"अरे, हात आवर!" शेजारीण ओरडली. "गातोयस की कोंबडी सोलतोयस?"

एलमरने बाही वर सारली. त्या गडबडीत कोपराने आणखी दोन गेल्या. उरलेल्या दोन तारांवर तो रेटून गात राहिला. कडव्याच्या शेवटी त्याही सुटल्या आणि त्याच्या हातात नक्षीदार खोकं तेवढं उरलं! गाणं थांबलं. वर जोव्हेलिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

नोंग तेरोय हसत पुढे आले. त्यांचाही जन्म बोटीवर गेलेला. त्यांनी गिटार उचलली, घोडी डोळ्यांशी धरली आणि त्यांचं हसू एकदम मावळलं.

"ही तर बोट सोडायची गाठ! एक हिसका दिला की दोर मोकळा. ही गाठ मारणारा निघायच्या तयारीत असतो. आणि याला मी मुलगी देऊ?"

एलमरची सगळी ऐट उतरली. "नोंग, मला दुसरी गाठ येतच नाही हो! उद्या जायचंय. पण जावंसं वाटत नाही. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही."

नोंग तेरोय गिटार घेऊन वळले. पायरीवर बसले. "टॉर्च धर."

त्यांनी एकेक तार घोडीतून ओवली, तिच्याच खालून वळसे देऊन आवळली आणि उरलेल्या शेपट्या कापून टाकल्या. मग तारा ओढओढून ताणल्या, सूर लावले. "बघू तरी," म्हणून छेडल्या. मग डोळे मिटले आणि चक्क गायलाच लागले! अख्खं गाणं. वर नांग पासिंग खिडकीच्या पडद्याला डोळे पुसू लागल्या. गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. एलमर टॉर्च धरून उभाच!

जोव्हेलिन खाली आली. "बाबा, याच्या गिटारीवर अख्खं गाणं झालं."

"पण गायलो मी!"

"कोणी गायचं, ते तुम्ही कुठे ठरवलं होतं?" मग ती एलमरकडे वळली. "परत येशील?"

"येईन!"

"मग माझं हो आहे."

एलमरला रडू आवरेना. डोळे पुसून त्याने गिटारीकडे हात केला, तर सासरेबुवांनी ती छातीशी घट्ट धरली. "ही आता इथेच राहील. तू परत आल्यावर बघू!" आणि दुसरं गाणं सुरू!

दुसऱ्या दिवशी जहाजावर सगळे खलाशी मोठ्या आशेने एलमरच्या गिटारीच्या पिशवीभोवती जमले. सासूबाईंनी ती सुक्या माशांनी गच्च भरून दिली होती!