चौदा पायऱ्यांसाठी नरदेह

चौऱ्यांशी लक्ष योनींत नरदेह दुर्लभ, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो ओल्या चादरी वाहायलाही सर्वोत्तम आहे, हा शोध मात्र इस्पितळाच्या यंत्रसमितीचा.

धुलाई तळघरात, सुकवणी वर, मधे चौदा पायऱ्या. बावीस वर्षं गठ्ठे वाहून धुलाईतल्या मावशींचे गुडघे गेले होते. पायऱ्यांशेजारी उतार बांधा, गाडा ढकलता येईल, असे त्यांचे नऊ अर्ज. उत्तर दरवेळी एकच: इमारत माणसांसाठी आहे आणि माणूस जिना चढतो. महिनाअखेर तपासणी होती. तीत जो चढणार नाही तो घरी. मावशींच्या पेन्शनला चार वर्षं बाकी होती.

वायरमनने कप्पी आणि टोपली सुचवली. समितीला त्यात भविष्य दिसेना. जिना माणसाचा, तर यंत्रही माणसासारखंच हवं, असं ठरलं आणि ते आलं. दोन पाय, दहा बोटं (कामाची चार), मान (फोटोसाठी) आणि पापण्या (कारण समजलं नाही). पायरीला अकरा सेकंद, गठ्ठा मावशींच्या निम्मा. उतरताना ते बावरायचं, म्हणून हात धरायला, स्वतःचे गठ्ठे सांभाळून, मावशींची नेमणूक झाली.

"दोन पायांवरच चढवायचं होतं, तर मी काय मेले होते?" मावशी वायरमनला म्हणाल्या.

"तुमचं गॅरंटी कार्ड कुठाय, मावशी?"

तिसऱ्या दिवशी नवव्या पायरीवर त्याचा गुडघा सटकला. बिचारं तोंडावर आपटत खाली गेलं. ओल्या चादरीतून एक हात तेवढा वर राहिला, आणि पापण्या कितीतरी वेळ उघडमीट करत होत्या.

समिती तासाभरात जमली. जिन्याने गुडघे झिजतात, हा तज्ज्ञाचा निष्कर्ष ऐकून सगळे हळहळले. आठ दिवसांत उतार झाला. यंत्राच्या तळव्यांना चाकं बसली, दर चार फेऱ्यांनंतर विश्रांती, सांध्यांना तेल. पुढे तोल जातो म्हणून त्याला गाड्यावरच बसवलं आणि गाडा ढकलायला मावशी. अहवालात नोंद झाली: मानवी रचना पूर्ण व्यवहार्य.

मावशींनी समितीच्या साहेबांना हळूच विचारलं, त्याच्या मांडीवर माझाही गठ्ठा ठेवू का?

उतार यंत्राच्या खात्यात बांधलाय, साहेबांनी मायेनं समजावलं. माणसांचा माल जिन्यानेच. "आणि मावशी, तुमचे पाय तर मूळचे. त्यांना काय धाड भरलीय?"

महिनाअखेर मावशी सहाव्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. घरी बसायचा कागद साहेबांनी तिथेच खाली आणून दिला, तेवढे श्रम वाचवले.

वाचकहो, यंत्र गडगडलं तेव्हा तुमच्या तोंडून 'अरेरे' निघालं असेल. मावशींचे गुडघे गेले तेव्हा तुम्ही पुढचं वाक्य वाचायला घेतलं होतंत. संकोच नको. समितीत एक जागा रिकामी आहे.