साळूबाईचा खंजीर आणि पंतांचं भिंग

जावा बेटावरच्या एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. नाकं पुसा आणि नीट ऐका.

तिच्या बिळाच्या दारात लिंबाचं झाड होतं आणि बिळात पणजोबांचा खंजीर. नागमोडी पात्याचा. त्याला तिकडे क्रिस म्हणतात. काळ्या पात्यावर चंदेरी नक्षी, जणू ओढ्याच्या पाण्यावरचे तरंग. जंगलाचा रिवाज असा, की पिढीजात खंजीर ज्याचा, बीळ त्याचं.

एके दिवशी उदोजी उदमांजर तसाच एक खंजीर घेऊन दारात हजर.

"साळूबाई, बोचकं बांधा. अस्सल खंजीर माझा. हे बघा प्रमाणपत्र!"

"मेल्या, त्याला अजून रंगाचा वास येतोय!"

भांडण वाघमहाराजांकडे गेलं. महाराजांनी पारखी बोलावला, भिंगाजीपंत वानर. पंतांनी जन्मात खंजीर घडताना पाहिला नव्हता. पण भिंग केवढं! त्यामागे पंतांचा डोळा नारळाएवढा दिसायचा. तो डोळा पाहिला की हत्तीसुद्धा 'हो हो' म्हणायचा.

"खरी नक्षी घासून जात नाही," पंत म्हणाले. साळूबाईचा खंजीर घेतला आणि राखेनं खसाखसा घासला. पातं आरशासारखं लख्ख. नक्षी गुल!

"नकली!" पंत ओरडले.

"मग आता उदोजीचा घासा की!"

"छे! त्याला प्रमाणपत्र आहे."

"कुणाचं?"

"माझंच."

साळूबाईनं ओळखलं, बीळ जाणार, झाड जाणार. तिचे काटे आपोआप उभे राहिले. शेजारी बसलेला ससा चार हात लांब सरकला.

मग तिला आठवलं. "महाराज, ह्याला एक आंघोळ घालू द्या. आम्ही दरसाल घालतो, तशी."

तिनं दहा लिंबं पिळली. रसात चिमूटभर सोमल कालवला. (सोमल म्हणजे विष. ए बाळ्या, तोंडातलं बोट काढ!) तो रस पात्यावर चोळला. हळूहळू पातं काळं पडलं, आणि काळ्यातून चंदेरी तरंग वर आले.

"अगं बाई, आली!" म्हातारं कासव किंचाळलं.

"जाईल कुठं?" साळूबाई म्हणाली. "लोहारानं दोन जातींचं लोखंड घडीवर घडी घालून ठोकलंय. नक्षी पात्याच्या पोटात आहे. घासली की दडते, लिंबू चोळलं की येते."

उरलेला रस तिनं उदोजीच्या खंजिरावर ओतला. पहिल्याच हाताला रंग सुटला. खाली निघाला पत्रा.

सगळं जंगल पंतांकडे बघायला लागलं. पंत खाकरले.

"पाहिलंत? मी मुद्दामच घासला! घासला नसता, तर ती परत येते हे कळलं असतं का?"

"वा!" महाराज म्हणाले. तिथल्या तिथे पंतांना शाल आणि नारळ दिला. हत्तीनं सोंड वर करून जयजयकार केला.

मग पंतांनी उदोजीचं प्रमाणपत्र घेतलं, त्यावरचं नाव खोडलं आणि वर साळूबाईचं लिहिलं.

"हं, घ्या. आता तुमचा खंजीर खरा झाला."

साळूबाईनं ते घरी नेलं आणि लोणच्याच्या बरणीला दादरा म्हणून बांधलं. कागद चांगला जाड होता.

तात्पर्य : सत्याचा विजय होतो, बाळांनो. अगदी नक्की होतो. पण शाल पारख्याला मिळते. तेव्हा उगाच खंजीर होऊन कशाला घासून घेता? भिंग घ्या.