ब्रेकमास्तरांची दुसरी भेट

दारूचा थेंबही न चाखलेला माणूस भाचीला हवा होता, आणि मामाखेरीज तसा कुणी तिला सापडेना. ती रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात संशोधन करत होती. दारूच्या आहारी गेलेला माणूस ओळखणारी तिची प्रश्नावली नवी होती. न पिणाऱ्याला ती उगाच पकडत नाही ना, हे तपासायचे होते.

"दोनदा यावं लागेल, मामा. दोन आठवड्यांनी पुन्हा हेच प्रश्न. उत्तरं तीच आली, तरच प्रश्नावली भरवशाची."

"उत्तरं बदलायला मी काय पुढारी आहे?"

मामा मोटार चालवायला शिकवत. तेवीस वर्षे दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबण्यात गेलेली, म्हणून सारे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. पिऊन गाडी हाकणाऱ्यांचे नाव काढले तरी त्यांचे डोके फिरे. पहिल्या खेपेला त्यांना शून्य गुण पडले, आणि त्या शून्याचा त्यांना कोण अभिमान. पुढच्या भेटीचे कार्ड त्यांनी सवयीप्रमाणे गाडीत समोरच्या काचेखाली चिकटवले, विसरायला नको म्हणून. त्यावर ठळक छापले होते : 'व्यसनमुक्ती विभाग. दुसरी भेट : मंगळवार, अकरा वाजता.'

ते आधी वाचले गिअर शिकणाऱ्या एका बाईंनी. दुसऱ्या दिवशी बाईंचा पाय मुरगळला. आठवड्याभरात आणखी तिघांना अचानक कामे निघाली. मग थोरल्या बहिणीचा फोन आला.

"कधीपासून रे?"

"काय कधीपासून?"

"मला सगळं कळलंय. आई होती तोवर असा नव्हतास."

"ताई, अगं तुझ्याच मुलीच्या कामासाठी..."

"पोरीवर ढकलू नकोस."

संध्याकाळी शेजारच्या घरातले घड्याळवाले आले. बायको गेल्यापासून ते सहाला दुकान बंद करत आणि सव्वासहाला बाटली उघडत. पण हेही इतक्या नेमाने, की कुणी त्यांना काही बोलत नसे. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

"उपचार घेताय, निम्मी लढाई जिंकलात. मंगळवारी मी येतो सोबत."

"अहो, मी पीत नाही."

"सुरुवातीला सगळे हेच म्हणतात."

मंगळवारी भाचीने कागद पुढे ओढला. "दोन आठवड्यांत दारू प्यायलात?"

"नाही."

"दारूवरून कामावर परिणाम झाला?"

मास्तर अडखळले. खोटे बोलणे त्यांच्या रक्तात नव्हते. "झाला. चार विद्यार्थी गेले. पाचवा येतो, पण काचा उघड्या ठेवून बसतो."

"घरच्यांनी काळजी व्यक्त केली?"

"तुझ्या आईने. रोज फोनवर रडते."

"त्यावरून कुणी बोललं तर राग येतो?"

"राग? अंगाचा तिळपापड होतो."

भाचीने बेरीज केली, पुन्हा केली. "दहा. आठच्या वर गेलं की व्यसनी. वर 'पीत नाही' म्हणालात, म्हणजे लपवणारा व्यसनी."

"फाड तो कागद."

"नाही फाडता येत, मामा. गैरसोयीचे कागद फाडले तर संशोधन कसलं?" वर्षाची मेहनत त्या एका कागदापाशी अडली होती.

"धीर धरा, मास्तर," घड्याळवाले म्हणाले. "मीही भरतो फॉर्म, तुम्हाला सोबत म्हणून. विचार गं पोरी."

"किती वेळा पिता, काका?"

"रोज. बेताची."

"कामावर परिणाम?"

"एकही घड्याळ मागे पडत नाही."

"कुणी काळजी व्यक्त केली?"

"करणारी होती. ती गेली."

भाचीचे पेन 'नाही'च्या चौकटीकडे वळले.

"थांब," मास्तर म्हणाले. टेबलाखाली ब्रेक नव्हता, तरी त्यांचा पाय दाबला गेला होता. "'हो' लिही. मी करतो. रोज सव्वासहाला भिंतीपलीकडून ग्लास ठेवल्याचा आवाज येतो, आणि रोज वाटतं, आज तरी नको."

घड्याळवाले लालबुंद झाले. "तुम्हाला नसत्या चौकशा कशाला? आधी स्वतःचं बघा."

"राग आला," मास्तर भाचीला म्हणाले. "तेही लिही. पुढचा प्रश्न तोच आहे."